डग्गा केव्हा गप्प असतो? – तालवाचनाचा एक पाठ



या अंकातील पाठ गणिताचा नाही आणि व्याकरणाचाही नाही, पण दोन्ही विषय त्यात थोडेथोडे येणार आहेत. पाठ आहे ताल वाचण्याचा, आणि तोही डाव्या हाताने. तबल्याच्या जोडीत उजवीकडे असतो तो तबला व डावीकडे असतो तो डग्गा. जाड, खर्जातला, घुमणारा आवाज डग्ग्याचा. भजनात हे काम पखवाजाची कणीक लावलेली डावी बाजू करते, शाळेच्या बँडमध्ये मोठा ढोल करतो, आणि ऑर्केस्ट्रात बास गिटार करते. वाद्ये वेगळी असली तरी काम एकच आहे : सर्वांच्या पायाखालची जमीन धरून ठेवणे.

हा पाठ लिहिण्याचे कारण यंदाच्या प्रजासत्ताक दिनी घडले. आपल्यापैकी अनेकजण त्या दिवशी मैदानात होते. समूहगीताला चाळीस मुले उभी होती. कीबोर्डवर तयार ताल लावून दिला होता. दुसऱ्या अंतऱ्यात वीज गेली आणि कीबोर्ड बंद पडला. मुले गात राहिली, पण पुढची रांग पळू लागली, मागची रांग मागे राहिली, आणि पाच-सहा ओळींत एका गाण्याची दोन गाणी झाली. मी मंचावर पाहुण्यांच्या शेजारी बसलो होतो. मान खाली घालण्याशिवाय मला काही सुचले नाही.

तेवढ्यात कडेला बसलेल्या सातवीच्या एका मुलाचा डग्गा ऐकू येऊ लागला. तो जोरात वाजवत नव्हता. पण त्याचा हात पडत होता तो ठरलेल्या जागीच पडत होता, आणि मधल्या जागा तो रिकाम्या सोडत होता. दोन आवर्तनांत मागची रांग त्याला मिळाली, मग पुढची. गाणे सर्वांनी एकत्र संपवले.

आता खरे सांगतो. त्या मुलाला डग्गा मीच दिला होता, आणि त्यामागचे कारण चांगले नव्हते. निवडीच्या दिवशी त्याचा आवाज सुरात लागेना. "तू डग्गा घे आणि कडेला बस," असे मी म्हणालो. संगीताच्या खोलीतल्या तबल्याची पुडी फाटलेली, म्हणून जोडीतला डग्गा एकटाच उरला होता. उरलेले वाद्य उरलेल्या मुलाला, असा माझा हिशेब. कार्यक्रमानंतर मी त्याला विचारले, "कसं सावरलंस रे?" त्याने खिशातून घडी केलेला कागद काढला. त्यावर आठ वर्तुळे होती. तीन भरलेली, पाच रिकामी.

"सर, मी गाणं ऐकतच नव्हतो," तो म्हणाला. "मी आकडे म्हणत होतो."

बोल त्याच्या आजोबांनी शिकवले होते. ते गावच्या भजनी मंडळात वाजवतात. वर्तुळे मात्र त्याची स्वतःची होती. आजचा पाठ त्या कागदावरूनच लिहीत आहे.

१. तालात काय वाचायचे?

ताल म्हणजे ठराविक मात्रांचे चक्र. चक्र एकदा पूर्ण झाले की एक आवर्तन झाले. मात्रा म्हणजे मोजणीचा एक ठोका. पहिल्या मात्रेला सम म्हणतात. चक्राचे विभाग पडतात. काही विभागांच्या सुरुवातीला टाळी देतात, काहींच्या सुरुवातीला टाळी न देता हात मोकळा बाजूला नेतात. त्या मोकळ्या जागेला खाली म्हणतात.

भातखंडे पद्धतीत समेला × हे चिन्ह, खालीला ० हे चिन्ह, आणि पुढच्या टाळ्यांना २, ३, ४ असे आकडे देतात. एका मात्रेत दोन अक्षरे बसवायची असतील तर ती जोडून लिहून त्यांच्याखाली कंस काढतात. 'धागे' असे जोडून लिहिले तर प्रत्येक अक्षर अर्ध्या मात्रेचे, 'तिरकिट' असे चार जोडले तर प्रत्येक अक्षर पाव मात्रेचे. ऽ हे चिन्ह आले तर नवीन अक्षर नाही, आधीचेच पुढे चालू. एवढी चिन्हे पाठ झाली की तालाचे पान वाचता येते. बाराखडीपेक्षा हे फार सोपे आहे.

२. कोणता बोल कोणत्या हाताचा?

उजव्या हाताचे बोल : ना, ता, तिं, ती.
डाव्या हाताचे बोल : गे (किंवा घे) हा खुला, घुमणारा. क (किंवा के) हा बंद, हात चामड्यावर टेकलेला.
दोन्ही हातांचे बोल : धा म्हणजे ता आणि गे एकत्र. धिं म्हणजे तिं आणि गे एकत्र.

यावरून डग्गा वाजवणाऱ्याने एक गोष्ट ध्यानात धरावी. ज्या बोलात ग, घ किंवा ध आहे तेथे डग्गा घुमतो. ज्यात त, न किंवा क आहे तेथे तो घुमत नाही. डग्ग्याचे वाचन या एका नियमावर उभे आहे.

३. पाच ताल, पाच वेगळे डावे हात

खालील पाच ताल वहीत उतरवून घ्या. ● म्हणजे डग्गा घुमतो, ○ म्हणजे घुमत नाही.

कहरवा, ८ मात्रा (सम १, खाली ५)
धा गे ना ति | न क धि न
● ● ○ ○ | ○ ○ ● ○

दादरा, ६ मात्रा (सम १, खाली ४)
धा धी ना | धा ती ना
● ● ○ | ● ○ ○

रूपक, ७ मात्रा (समेवरच खाली, टाळ्या ४ व ६)
तिं तिं ना | धिं ना | धिं ना
○ ○ ○ | ● ○ | ● ○

झपताल, १० मात्रा (सम १, टाळी ३, खाली ६, टाळी ८)
धी ना | धी धी ना | ती ना | धी धी ना
● ○ | ● ● ○ | ○ ○ | ● ● ○

त्रिताल, १६ मात्रा (सम १, टाळी ५, खाली ९, टाळी १३)
धा धिं धिं धा | धा धिं धिं धा | धा तिं तिं ता | ता धिं धिं धा
● ● ● ● | ● ● ● ● | ● ○ ○ ○ | ○ ● ● ●

गुरूप्रमाणे एखाद्या बोलात फरक पडतो. काही जण त्रितालाची नववी मात्रा 'ना' म्हणतात. तुमच्या गुरूंनी दिले असेल तेच लिहा, पण लिहा.

आता मोजा. कहरव्यात आठपैकी तीनच वर्तुळे भरलेली आहेत. रूपकात सातपैकी दोन, आणि समेवर तर डग्गा बोलतच नाही. नवा मुलगा डग्ग्यासमोर बसला की त्याला वाटते, हात रिकामा ठेवला तर आपण काही वाजवतच नाही. मग तो प्रत्येक मात्रेवर धपधप करतो. गाणाऱ्याला सगळ्या मात्रा सारख्याच ऐकू येतात आणि सम कुठे आहे ते कळेनासे होते. त्या मुलाच्या कागदावर पहिल्या आणि दुसऱ्या मात्रेची जोडी होती, सातवीवर एकटा ठोका होता, बाकी सारे रिकामे. म्हणूनच बिथरलेल्या चाळीस मुलांना जोडीचा ठोका ऐकू आला आणि सम सापडली. रिकाम्या पाच जागा नसत्या तर त्या तीन ठोक्यांचा उपयोग झाला नसता.

आणखी एक गोष्ट बारकाईने पाहा. पुष्कळ मुले समजतात की ० हे चिन्ह आले की डग्गा बंद. तसे नाही. त्रितालात खाली नवव्या मात्रेवर आहे, पण तेथे 'धा' आहे, म्हणजे डग्गा घुमतो. तो थांबतो दहाव्या मात्रेपासून. तेराव्या मात्रेवर टाळी आहे, पण तेथे 'ता' आहे, डग्गा अजून मुकाच. तो परत येतो चौदाव्या मात्रेवर. दादऱ्यातही चौथ्या मात्रेवर खाली आणि बोल 'धा'. म्हणजे ० हे चिन्ह टाळी देणाऱ्या हाताला सांगते, डग्ग्याला सांगतो तो बोल. दोन्ही ओळी वाचल्या पाहिजेत. परीक्षेत उत्तर लिहिताना आपण प्रश्न अर्धा वाचतो आणि चुकतो, तशीच ही चूक आहे.

चौदाव्या मात्रेवर डग्गा परतला की गवयाला न पाहता कळते, सम तीन मात्रांवर आली.

४. थांबवणे हीसुद्धा क्रिया आहे

डग्ग्यावर बोट पडले की आवाज लगेच संपत नाही, तो रेंगाळतो. पुढची मात्रा रिकामी असेल तर वादकाला तळहात हलकेच टेकवून तो आवाज मिटवावा लागतो. म्हणून रिकामे वर्तुळ म्हणजे विश्रांती असे समजू नका. तेथेही हाताला काम आहे.

बास गिटारची गोष्ट अगदी हीच आहे. आपला एक माजी विद्यार्थी पुण्यात नोकरी करून हौसेने बास गिटार वाजवतो. दिवाळीत भेटायला आला तेव्हा सांगत होता, "सर, पहिले कितीतरी दिवस गिटार पिशवीतच होती. टाळ्या आणि मोजणी, एवढंच." विजेवर वाजणारी, हल्ली सर्वत्र दिसते ती बास गिटार अमेरिकेत लिओ फेंडर यांनी १९५१ साली बाजारात आणली. तिची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ कंपने करते, आणि तारही हाताने थांबवेपर्यंत घुमत राहते. पाश्चात्य लिपीत एक ठोका, दोन ठोके, चार ठोके, अर्धा ठोका अशा प्रत्येक लांबीच्या स्वराला वेगळे चिन्ह आहे, आणि तेवढ्याच लांबीच्या मौनालाही वेगळे चिन्ह आहे. त्या लिपीत मौन लिहिल्याशिवाय ओळ पूर्णच होत नाही, मोजणी कमी पडते. आपल्या लिपीत रिकामी जागा बोलावरून ओळखायची, त्यांच्या लिपीत चिन्हावरून. वादकाने ती मोजायची, हे दोन्हीकडे सारखेच.

५. ही लिपी आपल्याकडे कशी आली?

विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) हे मुंबईचे, व्यवसायाने वकील. गावोगाव फिरून त्यांनी घराण्यांतील बंदिशी मिळवल्या, त्या स्वर-तालासह लिहिल्या आणि क्रमिक पुस्तक मालिकेच्या सहा भागांत छापल्या. त्यांच्याच काळात विष्णु दिगंबर पलुस्कर (१८७२–१९३१) यांनी वेगळी लिपी तयार केली. ते कुरुंदवाडचे. १९०१ साली त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. त्यांच्या शिष्यपरंपरेने १९३१ साली स्थापन केलेल्या मंडळाच्या परीक्षा आजही गावोगावची मुले देतात. पलुस्कर पद्धतीत समेला १ आणि खालीला + असे चिन्ह असते. म्हणून पुस्तक उघडले की आधी पद्धत कोणती ते पाहावे. एकीची चिन्हे दुसरीत मिसळू नयेत.

येथे माझी एक गोष्ट. माझे पदवीचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. तालाची पहिली पुस्तके मी वाचली ती हाथरसच्या संगीत कार्यालयाची, हिंदीतली. भातखंड्यांची मालिकाही मी हिंदीतच वाचली, आणि कितीतरी वर्षे मला वाटत होते की हे ज्ञान उत्तरेकडून आपल्याकडे आले. पुढे कळले की भातखंड्यांनी ते ग्रंथ मुळात मराठीत लिहिले होते. आपल्याच भाषेतली वस्तू मी अनुवादातून शिकलो. त्यात हिंदीचा दोष नाही. उलट हिंदीने ती जपून माझ्यापर्यंत पोचवली. पण लिहिले होते म्हणून ती फिरून आली. न लिहिलेले फिरून येत नाही.

६. न लिहिलेला ठेका

माझे बालपण भालकी तालुक्यातल्या एका खेड्यात गेले. एकादशीच्या भजनाला पखवाज वाजवायला एक वृद्ध गृहस्थ असत. त्यांना सगळे अप्पा म्हणत. मी अकरा-बारा वर्षांचा असताना हट्ट करून त्यांच्या शेजारी बसलो आणि डाव्या बाजूवर थापा मारू लागलो. अप्पांनी वाजवता वाजवताच माझा हात धरून मांडीवर ठेवला. "आरं, तिथं हात उचलायचा असतोय," एवढेच ते म्हणाले. पुन्हा पुढच्या आवर्तनात त्याच जागी त्यांनी माझा हात धरला. त्या रात्री मी फारसे वाजवलेच नाही, पण ताल पहिल्यांदा ऐकला.

अप्पांचा भजनी ठेका इतर गावांपेक्षा वेगळा होता. आठ मात्रांचाच, पण डावा हात एका अनपेक्षित जागी थांबत असे. आज अप्पा नाहीत. त्या ठेक्याच्या पहिल्या चार मात्रा मला आठवतात, उरलेल्या चार आठवत नाहीत. तेव्हा मला दोन ओळी लिहिता आल्या असत्या तर तो ठेका आज तुम्हाला येथे छापून देता आला असता.

आपला प्रदेश या बाबतीत श्रीमंत आहे. हुमनाबादजवळ माणिकनगर आहे. श्री माणिकप्रभूंनी (१८१७–१८६५) मराठी, कन्नड, हिंदी अशा भाषांत पदे रचली, आणि दत्तजयंतीच्या उत्सवात तेथे गाणे-बजावणे होते. अफजलपूर तालुक्यात गाणगापूर आहे, तेथे पालखी आहे, भजन आहे. कलबुर्गीत ख्वाजा बंदेनवाजांच्या दर्ग्यावर उरुसात कव्वाली होते. मराठी अभंग, कन्नड दासरपदे आणि उर्दू कव्वाली आपण एकाच आठवड्यात ऐकू शकतो, आणि कहरवा तिन्हींना चालतो. गदग जिल्ह्यात जन्मलेल्या पं. भीमसेन जोशींनी (१९२२–२०११) मराठी संतवाणी आणि कन्नड दासवाणी दोन्ही गायली. पण गावोगावचे भजनी ठेके, प्रत्येक मंडळाचा डावा हात, बहुतेक ठिकाणी कोणी लिहून ठेवलेला नाही. वाजवणारे आजोबा झाले आहेत.

७. सरावाची पद्धत

रोज पंधरा मिनिटे पुरे. वाद्य नसले तरी चालेल, मांडी आणि आवाज पुरेसा आहे.

(अ) पढंत. ताल तोंडाने म्हणा, उजव्या हाताने टाळी-खाली द्या. बोल स्पष्ट म्हणा. तोंडात येत नाही ते हातात येत नाही. मंडळाच्या परीक्षेतही हातावर टाळी देऊन ठेका म्हणायला सांगतात.

(आ) डावा हात एकटा. बोल म्हणत राहा. भरलेल्या वर्तुळावर मांडीवर थाप, रिकाम्या वर्तुळावर तळहात मांडीवर टेकवून ठेवा. हात हवेत लोंबू देऊ नका.

(इ) घड्याळाची परीक्षा. दोघांनी करायची. सेकंदकाट्याच्या ठोक्यावर एक मात्रा धरून त्रिताल सुरू करा. एक आवर्तन झाले की म्हणणाऱ्याने डोळे मिटायचे आणि पुढची चार आवर्तने मनाने मोजून म्हणायची. जोडीदाराने घड्याळ पाहायचे, घड्याळाचा आवाज ऐकू देऊ नये. चार आवर्तने म्हणजे ६४ मात्रा, बरोबर ६४ सेकंद लागले पाहिजेत. कोणाला ५७ लागतात, कोणाला ७०. आकडा तारखेसह वहीत लिहा. बहुतेक मुले रिकाम्या जागी घाई करतात, कारण तेथे आवाज नसतो आणि पुढच्या ठोक्याची ओढ असते. आपली चूक कोठे होते ते या आकड्यावरून कळते. मोबाइलवरचा तबला लावून सराव केला तर चूक कळतच नाही, कारण मोजण्याचे काम तो करतो. मोबाइल शेवटी, पडताळण्यापुरता वापरावा.

(ई) रोज एक नवी ओळ. जी ओळ आधी ऐकलेली नाही ती फक्त पाहून म्हणायची. वाचन म्हणजे पाठांतर नव्हे. आठ मात्रांची ही ओळ पाहा :
धा ऽ गे ना | ती क ऽ धागे
येथे दुसऱ्या मात्रेवर ऽ आहे. आधी 'धा' आहे, म्हणून डग्ग्याचा आवाज तसाच घुमू द्या. सातव्या मात्रेवरही ऽ आहे, पण आधी 'क' आहे, म्हणून तेथे शांतता. चिन्ह एकच, पण हात दोन वेगळ्या गोष्टी करतो. आठव्या मात्रेत दोन अक्षरे आहेत, दोन्ही डग्ग्याची, अर्धी-अर्धी मात्रा.

(उ) कन्नड शाळेतल्या मित्रांकडूनही शिका. कर्नाटक संगीतात तीन मात्रांना त-कि-ट, चार मात्रांना त-क-धि-मि असे म्हणतात. रूपकाच्या सात मात्रा त-कि-ट, त-क, त-क अशा म्हणून पाहा. तीन-दोन-दोनचे विभाग जिभेवर लगेच बसतात.

८. थोडे गणित, थोडे व्याकरण

गणित. दुगुन म्हणजे एका मात्रेत दोन मात्रांचे बोल. त्रितालाचे पूर्ण आवर्तन दुगुनीत म्हणायला १६ च्या निम्म्या, म्हणजे आठ मात्रा लागतात. समेवर पोचायचे असेल तर सुरुवात नवव्या मात्रेपासून. झपतालात पाच मात्रा लागतात, सुरुवात सहाव्यापासून. रूपकात साडेतीन मात्रा लागतात, तर सुरुवात कोठून? चौथ्या मात्रेच्या मध्यापासून. अपूर्णांक कशासाठी शिकायचे असे विचारणाऱ्यांनी हा रूपक वाजवून पाहावा.

तिहाई म्हणजे एकच तुकडा तीनदा, शेवटचे अक्षर समेवर. तुकडा घेऊ : तिट कत गदि गन धा, पाच मात्रांचा. तीनदा म्हणजे १५, मधल्या दोन जागी एकेक मात्रा मौन, म्हणजे १७. त्रितालात समेपासून सुरू केले तर पहिला 'धा' पाचवर, दुसरा अकरावर आणि तिसरा सतरावर, म्हणजे पुढच्या समेवर. आता ती दोन मौने गाळून पाहा. शेवटचा 'धा' पंधराव्या मात्रेवर पडेल आणि सम दोन मात्रा लांब राहील. समेवर पोचायला मौनही मोजावे लागते.

व्याकरण. लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन, हे तुम्ही मराठीच्या तासाला करताच. मनाचे श्लोक भुजंगप्रयात वृत्तात आहेत. त्यात लघु-गुरु-गुरु असा य गण चारदा येतो. एका गणाच्या पाच मात्रा, चारांच्या वीस. म्हणजे एक ओळ झपतालाच्या दोन आवर्तनांत बसते आणि प्रत्येक गण पहिल्या किंवा सहाव्या मात्रेवर सुरू होतो. सकाळच्या प्रार्थनेनंतर करून पाहा.

९. पालक व विश्वस्त मंडळींना

मागील बैठकीत एका मान्यवरांनी विचारले की एसएसएलसी परीक्षेत याला किती गुण आहेत. प्रश्न योग्य आहे. उत्तर : शून्य. पण ६४ सेकंद डोळे मिटून मोजू शकणारा मुलगा गणिताच्या पेपरात घाई कमी करील असे मला वाटते, आणि चाळीस मुले बिथरल्यावर न घाबरता आपले आकडे म्हणत राहणारा मुलगा पुढेही कोठे ना कोठे उपयोगी पडेल याची मला खात्री आहे. मोठा आणि नवा कीबोर्ड घेण्याचा ठराव आपल्यासमोर आहे. माझी नम्र विनंती आहे की त्याआधी फाटलेली पुडी बदलून घ्यावी. खर्च फारच कमी आहे.

जूनपासून दर शनिवारी शेवटचा तास तालवाचनाचा असेल, पाचवी ते नववीसाठी. फी नाही. सुरात गाता येते की नाही हे विचारले जाणार नाही. ही अट मी स्वतःसाठी घालून घेत आहे. कोणाच्या घरी वापरात नसलेला डग्गा किंवा चुंबळ पडून असेल तर शाळेला उसनी द्यावी, नाव लिहून जपून परत करू.

सातवीच्या त्या मुलाला मी प्रार्थनेच्या वेळी सर्वांसमोर सांगितले की त्याला कडेला बसवण्यात माझी चूक झाली. तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने मला विचारले, "सर, दादऱ्याचा कागद पण काढू का?" वरचा दादरा त्यानेच काढलेला आहे.

गृहपाठ

१) वरील पाच ताल वहीत उतरवून प्रत्येकात डग्गा किती मात्रांवर घुमतो ते लिहा. (एकाचे उत्तर देतो : त्रितालात १६ पैकी १२.)
२) घड्याळाची परीक्षा सात दिवस करा आणि सातही आकडे लिहा. आकडे सुधारून लिहू नयेत.
३) त्रितालासाठी तीन मात्रांच्या तुकड्याची तिहाई समेपासूनच सुरू करायची आहे. मधले प्रत्येक मौन किती मात्रांचे ठेवावे लागेल? (सूचना : १७ मधून ९ वजा करा आणि दोनाने भागा.)
४) उन्हाळ्याच्या सुट्टीत आजोळी किंवा गावी जाल. तेथील भजनी मंडळात पखवाज किंवा तबला वाजवणाऱ्या आजोबांजवळ बसा. त्यांच्या ठेक्याचे बोल विचारा, आठ वर्तुळे काढा, डावा हात घुमतो तेथे वर्तुळ भरा. खाली गावाचे नाव आणि तारीख लिहा. आजोबांना पुन्हा एकदा वाजवायला सांगून तपासून घ्या. आलेले सर्व कागद शाळेच्या वाचनालयात एका वहीत चिकटवले जातील.

चौथा प्रश्न सर्वांनी सोडवावा. त्या वहीच्या पहिल्या पानावर अप्पांच्या ठेक्याची आठ वर्तुळे मी काढून ठेवली आहेत. पहिली चार आठवतील तशी भरून ठेवली, पुढच्या चारांवर प्रश्नचिन्ह आहे. भालकीकडच्या कोणा आजोबांना तो ठेका येत असेल, तर मला जरूर कळवा.

आपला,
मुख्याध्यापक